फाटकापासून खुर्चीपर्यंत

दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेच्या मीटिंगचा पत्ता माझ्याजवळ सात महिने होता. वहीच्या शेवटच्या पानावर मी तो पेन्सिलीने लिहून ठेवला होता, आणि पेन्सिलीने अशासाठी की वही कोणाच्या हाती पडण्याची वेळ आलीच तर तो चटकन खोडता यावा. रात्री उशिरा, बाटली संपत आली की मी ती वही काढत असे, पत्ता वाचत असे, वार आणि वेळ पुन्हा एकदा पाहत असे, येत्या गुरुवारी काहीही झाले तरी जायचे असे ठरवत असे आणि त्या निश्चयाने मनाला जो हलकेपणा येई त्याच्या आधारावर झोपी जात असे. सकाळी उठल्यावर गुरुवार फार लांब वाटे, आणि प्रत्यक्ष गुरुवार उजाडला की त्याच संध्याकाळी उरकलेच पाहिजे असे एखादे काम हमखास निघे.

व्यसनाविषयी जे वाचायला मिळते त्यात व्यसनात बुडत जाण्याची हकिगत असते किंवा त्यातून बाहेर पडल्यानंतरच्या आयुष्याची. या दोहोंच्या मध्ये एक लहानसा पल्ला असतो, पत्ता हाती आल्यापासून तिथल्या खुर्चीवर बसेपर्यंतचा, आणि माझ्या बाबतीत तोच सर्वांत अवघड ठरला. आज तिथे नियमित जायला लागून सहा वर्षे झाली असली, तरी त्या पल्ल्याविषयी सविस्तर लिहावे असे मला वाटत आले आहे, कारण आत्ता या क्षणी कोणी ना कोणी तो पत्ता वाचून वही मिटत असेल. एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट करते. मीटिंगमध्ये ऐकलेले मीटिंगबाहेर न्यायचे नाही, हा तिथला संकेत मी मनापासून पाळते. त्यामुळे दुसऱ्या कोणाची कहाणी या लेखात येणार नाही. मला उद्देशून जे बोलले गेले ते आणि कोणाच्याही तोंडी असू शकतील अशी मोजकी वाक्ये एवढेच, आणि तेही बोलणाऱ्याची ओळख पटणार नाही अशा बेताने, मी सांगणार आहे.

मी इतके दिवस का थांबले, याचे प्रामाणिक उत्तर असे की मला कोणी पाहील याची भीती होती, आणि त्याहून मोठी भीती ही की तिथे गेल्यावर मला स्वतःला मी दिसेन. त्यातून मी बाई. पुरुष प्याला तर लोक त्याच्या व्यसनाविषयी बोलतात, बाई प्यायली तर तिच्या चारित्र्याविषयी बोलू लागतात, आणि म्हणून बाईचे पिणे बहुधा कपाटात, स्वयंपाकघराच्या फडताळात, कपड्यांच्या घडीखाली चालते. न्यूयॉर्कच्या मार्टी मान १९३९ साली ब्रुकलिनमधल्या एका घरी भरणाऱ्या मीटिंगला पहिल्यांदा गेल्या, तेव्हा या चळवळीत बाई जवळजवळ नव्हतीच. पुढे १९४४ मध्ये त्यांनी मद्यासक्ती हा आजार आहे आणि तो बाईलाही होतो हे उघडपणे सांगण्यासाठी एक राष्ट्रीय संघटना उभारली. ऐंशीहून अधिक वर्षे उलटली तरी ते वाक्य पुन्हा पुन्हा सांगावे लागते, याचे मला मनस्वी दुःख होते.

पहिल्यांदा गेले ती फाटकापाशी जाऊन परतले. एका शाळेच्या तळमजल्यावरचा वर्ग होता. खिडकीत उजेड होता, आणि मी रस्ता ओलांडून जवळ जाते तोच आतून बऱ्याच माणसांच्या एकदम हसण्याचा आवाज आला. मला तो फार लागला. जिथे माणसे आपल्या मोडलेल्या संसाराविषयी आणि गेलेल्या नोकऱ्यांविषयी बोलतात, तिथे हसू फुटते कसे, हेच मला कळेना. ही माणसे माझ्यासारखी नाहीत, असा निकाल मी उभ्या उभ्या दिला आणि मागे फिरले. त्या रात्री मी नेहमीपेक्षा जास्त प्यायले. ते हसू दुसऱ्याला हिणवणारे नसते, आपली जी लबाडी जगात फक्त आपल्यालाच सुचली असे वाटत होते तीच दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ते आपोआप फुटते, हे मला खूप पुढे कळले.

त्यानंतर मी एक चूक केली, आणि ती कोणी करू नये म्हणून इथे सांगणे मला आवश्यक वाटते. मीटिंग नको, डॉक्टर नको, आपले आपणच सोडून दाखवू, या जिद्दीने मी एका शनिवारी सकाळपासून दारू एकदम बंद केली. संध्याकाळपर्यंत हात थरथरू लागले, रात्री घामाने कपडे भिजले, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या सावल्या हलताना दिसू लागल्या तेव्हा नवऱ्याने मला उचलून रुग्णालयात नेले. रोज भरपूर पिणाऱ्या शरीराची दारू अचानक तुटली की शेवटच्या पेल्यानंतर सहा ते चोवीस तासांत त्रास सुरू होतो. कोणाला पहिल्या दोन दिवसांत फिट येतात, आणि साधारण अठ्ठेचाळीस ते शहाण्णव तासांच्या दरम्यान भ्रम, तीव्र अस्वस्थता आणि ताप यांचा जो झटका येऊ शकतो तो जिवावर बेततो. अनेक वर्षे दारूने मेंदूतील मज्जातंतूंना दडपून ठेवलेले असते, त्या दडपणाला तोंड देण्यासाठी मेंदूने आपली उत्तेजना वाढवून घेतलेली असते, आणि दडपण एकाएकी निघाले की ती वाढीव उत्तेजना मोकाट सुटते. त्यावर औषधे आहेत, ब-१ जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची, इंजेक्शने द्यावी लागतात, आणि काही दिवस देखरेख लागते. मीटिंग हा या देखरेखीला पर्याय नव्हे. जो रोज पितो त्याने आधी डॉक्टरांना विचारावे आणि मग सोडावे. यात भित्रेपणा काहीही नाही.

रुग्णालयातून घरी सोडण्याच्या दिवशी तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारले, ‘पुढे काय?’ मी म्हटले, ‘पत्ता आहे माझ्याकडे.’ त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी मीटिंगच्या संपर्काचा क्रमांक लावला, पलीकडच्या बाईंशी दोन वाक्ये बोलल्या, आणि माझी संमती घेऊन फोन माझ्या हातात दिला. पलीकडचा आवाज वयस्कर होता आणि त्याला कसलीही घाई नव्हती. ‘गुरुवारी मी फाटकाशी उभी असेन. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नका. नुसत्या या,’ असे तो आवाज म्हणाला. सात महिने ज्या पत्त्याने मला हलवले नव्हते तिथे मी त्या तीन वाक्यांनी गेले.

हे केवळ माझ्या स्वभावामुळे झाले असे मी पुष्कळ दिवस समजत होते. पुढे १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगाविषयी वाचले आणि थक्क झाले. दारूच्या उपचारांसाठी आलेल्या वीस जणांचे दोन गट करण्यात आले. एका गटाला मीटिंगची माहिती, पत्ता, वेळ आणि जाण्याचा आग्रह, एवढे सगळे दिले गेले. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकासमोर समुपदेशकाने एका जुन्या सभासदाला फोन लावला, दोघांचे बोलणे करून दिले आणि त्या सभासदाने सोबत येण्याची तयारी दाखवली. दुसऱ्या गटातले सगळे मीटिंगला गेले. पहिल्या गटातला एकही गेला नाही. वीस माणसांच्या प्रयोगावरून जगाचे नियम काढू नयेत हे मला कळते, पण तो निकाल वाचताना वहीचे ते शेवटचे पान माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. ज्यांच्या घरात, कचेरीत किंवा दवाखान्यात असे कोणी असेल त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की त्याला पत्ता देऊन थांबू नका, फोन लावून द्या, आणि जमले तर फाटकापर्यंत सोबत जा.

त्या गुरुवारी वर्गात चौदा-पंधरा माणसे होती. मुलांचे बाक भिंतीला सरकवून मधे खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या. सुरुवातीला थोडा वेळ शांतता पाळली, मग एकाने मीटिंगचा उद्देश वाचून दाखवला, आणि नंतर ज्याला वाटेल तो बोलू लागला. प्रत्येक जण आधी आपले पहिले नाव सांगे आणि पुढे, ‘मी अल्कोहोलिक आहे’, असे म्हणे. कोणी मधे बोलत नसे. बोलून झाल्यावर कोणी सल्ला देत नसे, चूक काढत नसे, वाहवाही करत नसे. आभार मानून पुढचा माणूस बोलू लागे. तिथे याला ‘शेअरिंग’ म्हणतात. माझ्याकडे पाळी आली तेव्हा मी फक्त नाव सांगितले, आणि पुढचे वाक्य मला म्हणता आले नाही. कोणाच्याही चेहऱ्यावर त्याचे आश्चर्य दिसले नाही.

पुढच्या काही आठवड्यांत माझ्या कानाला एक गोष्ट हळूहळू जाणवू लागली, आणि मला वाटते की मीटिंगने मला काय दिले याचे खरे उत्तर तिथेच आहे. दारू पिण्याविषयी बोलताना आपली मराठी पिणाऱ्या माणसाला फार जपते. आपण ‘पितो’ असे म्हणत नाही, ‘घेतो’ म्हणतो. मित्रांनी मिळून पिण्याला ‘बसणे’ म्हणतो. आणि तोल गेला, नको ते बोलले गेले, घरच्यांची रात्र नासली, की दुसऱ्या दिवशी सकाळी आपण म्हणतो, ‘काल जरा जास्त झाली.’ या वाक्यात प्यायलेला माणूसच नाही. दारू आपली आपणच झाली, जणू पाऊस झाला. अशी कर्ता नसलेली वाक्ये मी वर्षानुवर्षे बोलत आले होते: मुलीच्या शाळेत जायचे ‘राहून गेले’, गाडी ‘लागली’, पैसे ‘संपले’. त्या गोलात बसलेली माणसे मात्र ‘मी’ म्हणत होती. ‘मी प्यायलो.’ ‘मी खोटे बोलले.’ ‘मी तिला मारले.’ त्यांच्या आवाजात बढाई नव्हती, आणि स्वतःला फाडून टाकण्याचा आवेशही नव्हता. इतक्या साध्या स्वरात कोणी आपल्या कृत्याचा कर्ता होऊ शकतो हे मी पूर्वी ऐकलेच नव्हते. पाचव्या गुरुवारी मी म्हणाले, ‘मी सकाळी उठल्या उठल्या पीत होते, आणि घरी सगळ्यांना डोकं दुखतंय म्हणून सांगत होते.’ वाक्य लहान आहे, पण ते पुरे करायला मला अकरा वर्षे लागली होती.

त्या खोलीचे नियम फार थोडे आहेत, आणि त्यांतला प्रत्येक अनुभवातून आलेला आहे. सभासद होण्यासाठी दारू थांबवण्याची इच्छा एवढीच अट. नोंदणी नाही, शुल्क नाही, हजेरीपट नाही. शेवटी एक डबा फिरतो, त्यात ज्याला हवे त्याने यथाशक्ती टाकावे, नव्याने आलेल्याने काहीही टाकू नये असेच त्याला सांगितले जाते, आणि बाहेरून देणगी मिळत असली तरी ती घेतली जात नाही. ‘बारा परंपरा’ म्हणून ओळखले जाणारे हे संकेत १९५० साली क्लीव्हलँड इथल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय संमेलनात स्वीकारले गेले. बाहेरच्या कोणत्याही वादावर गटाने मत देऊ नये, हा त्यांतला संकेत मला प्रथम विचित्र वाटला होता. पण १८४० मध्ये बाल्टिमोरमधल्या सहा पिणाऱ्यांनी वॉशिंग्टोनियन नावाची अशीच एक चळवळ सुरू केली होती, काही वर्षांतच तिच्यात प्रचंड संख्येने माणसे आली, आणि दारूबंदीच्या राजकारणासारख्या वादांत ओढली गेल्यावर ती तितक्याच वेगाने विरून गेली, हे वाचल्यावर त्या संकेताचे मोल माझ्या ध्यानात आले.

पहिल्या मीटिंगनंतर, खुर्च्या उचलून ठेवताना, फाटकाशी माझी वाट पाहणाऱ्या त्या बाई मला म्हणाल्या, ‘तू आलीस, माझं आजचं काम झालं.’ मी ते सौजन्य समजले. मदत मागायला आलेल्या माणसाला ओशाळे वाटू नये म्हणून असे बोलतात, असे मला वाटले. त्या बोलण्याचा शब्दशः अर्थ मला कळला तो ही चळवळ सुरू कशी झाली हे वाचल्यावर. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचे बिल विल्सन, व्यवसायाने शेअरबाजारातले, धंद्याच्या एका कामासाठी अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात गेले होते. ते काम फसले. दारू सोडून त्यांना जेमतेम पाच महिने झाले होते. मेफ्लॉवर हॉटेलच्या दर्शनी दालनात ते एकटे उभे होते, बारमधला गलबला कानावर येत होता, आणि दालनात एके ठिकाणी टेलिफोन होता व जवळच शहरातल्या चर्चची यादी होती. मागच्या पाच महिन्यांत त्यांनी अनेक पिणाऱ्यांना सावरण्याची खटपट केली होती आणि त्यांतला एकही सावरला नव्हता. पण त्या खटपटीत ते स्वतः मात्र प्यायले नव्हते. म्हणून त्या संध्याकाळी, स्वतः पिऊ नये यासाठी, त्यांना दुसरा एक पिणारा माणूस हवा होता. त्यांनी यादीतल्या एका धर्मगुरूंना फोन केला, त्यांच्याकडून आणखी नावे घेतली, एकामागून एक फोन करत ते हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोहोचले, आणि बाईंनी १२ मे रोजी त्यांची गाठ डॉ. रॉबर्ट स्मिथ या दारूच्या आहारी गेलेल्या शल्यविशारदांशी घालून दिली. डॉक्टरांनी पंधरा मिनिटांच्या वर बसायचे नाही असे ठरवले होते. दोघे सहा तासांहून अधिक वेळ बोलत राहिले. डॉक्टरांच्या शेवटच्या पेल्याचा दिवस १० जून १९३५ असा धरला जातो, आणि तोच अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा स्थापनादिन मानतात.

मी सात महिने ज्या समजुतीने अडून राहिले होते ती अशी, की आपण तिथे जाऊन आणखी एका ओझ्याची भर घालणार. वस्तुतः ती खोली नव्याने येणाऱ्यावरच चालते. जुन्यांना जुन्यांच्या गोष्टी पाठ झालेल्या असतात. काल-परवा प्यायलेला, हात थरथरणारा, नजर खाली ठेवलेला माणूस समोर येऊन बसला की आपण कुठून आलो ते प्रत्येकाला पुन्हा लख्ख दिसते. त्या बाईंचे त्या दिवशीचे काम खरोखरच झाले होते. हे मला कोणी फाटकाशी सांगितले असते तर मी पहिल्याच वेळी आत गेले असते का, हे मी अनेकदा स्वतःला विचारले आहे.

जागा शोधण्याविषयी थोडे व्यवहाराचे सांगायला हवे. या संघटनेचे गट आज सुमारे १८० देशांत भरतात, आणि बहुतेक ठिकाणी भागाभागातल्या गटांचे मिळून एक मध्यवर्ती कार्यालय किंवा संपर्क क्रमांक असतो. तिथे मीटिंगची यादी मिळते, फोनवरच्या मीटिंग गाइड नावाच्या ॲपवरही अनेक देशांतल्या मीटिंग शोधता येतात. यादी जुनी असू शकते, खोली बदललेली असू शकते, म्हणून निघण्यापूर्वी फोन करावा. पहिल्या दिवशी कुलूपबंद दार पाहून परतलेला माणूस पुन्हा वर्षभर येत नाही. यादीत ‘खुली’ आणि ‘बंद’ असे दोन प्रकार दिसतील. खुल्या मीटिंगला कोणीही, घरचे माणूसही, येऊन बसू शकते. बंद मीटिंग ज्यांना स्वतःला दारू थांबवायची आहे त्यांच्यासाठीच असते. काही ठिकाणी एकच वक्ता आपली हकिगत सांगतो, काही ठिकाणी दारूतून बाहेर पडण्यासाठी संघटनेने सांगितलेल्या बारा पायऱ्यांपैकी एकेक पायरी घेऊन चर्चा होते, काही मीटिंग फक्त बायकांच्या असतात, आणि घराबाहेर पडणे शक्य नसेल तर ऑनलाइनही भरतात. गटागटाचा स्वभाव वेगळा असतो. एका ठिकाणी करमले नाही म्हणून सगळेच निरुपयोगी असे ठरवू नये; पाच-सहा ठिकाणी बसून पाहावे आणि जिथे आपल्याला खोटे बोलावेसे वाटत नाही ते ठिकाण धरावे. माझे ते ठिकाण सुदैवाने पहिलेच निघाले.

बायकांसाठी एक वेगळी गोष्ट सांगते, कारण ती यादीत छापलेली नसते. नव्याने आलेली बाई फार नाजूक अवस्थेत असते, आणि आधाराच्या नावाखाली तिच्याशी जवळीक साधू पाहणारा एखादा पुरुष कुठल्याही गटात असू शकतो. म्हणूनच स्पॉन्सर, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवर आपला हात धरून चालवणारी जुनी व्यक्ती, बायकांनी बाईच निवडावी असे सुचवले जाते. पहिल्याच दिवशी दोन-तीन बायकांचे फोन क्रमांक घ्यावेत. काही खटकले तर गप्प बसून मीटिंग सोडू नये. त्या बायकांना सांगावे आणि गरज पडली तर गट बदलावा. तिथे येणारी माणसे आजारी असतात, साधुसंत नसतात, हे कटू असले तरी जाणणाऱ्या बाईला त्याने संरक्षणच मिळते.

देवाविषयी विचारणारे पुष्कळ असतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख वारंवार येतो, जरी तो ज्याने त्याने आपल्या समजुतीप्रमाणे मानावा असे म्हटले असले तरी. मला स्वतःला त्या उल्लेखाने त्रास झाला नाही, कारण माझ्याहून मोठी शक्ती म्हणून मी त्या गोलात बसलेल्या पंधरा माणसांनाच मानले; एकटीने मला जे अकरा वर्षांत जमले नव्हते ते त्यांच्यात बसून जमू लागले होते, आणि एवढा पुरावा मला पुरला. पण ज्याला हे मनापासून पटत नाही त्याने केवळ त्यासाठी दारूकडे परतू नये. १९७५ साली जीन कर्कपॅट्रिक यांनी विमेन फॉर सोब्रायटी ही केवळ स्त्रियांसाठीची संघटना सुरू केली. १९९४ पासून स्मार्ट रिकव्हरीचे गट भरतात, त्यांत विचार आणि सवयी बदलण्याची मानसशास्त्रीय तंत्रे शिकवली जातात व ईश्वराचा प्रश्न येत नाही. रस्ता कोणता यावरून भांडणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्या भांडणात नव्याने आलेला माणूस दाराशी ताटकळतो हे पाहून मला फार वाईट वाटते.

याचा उपयोग होतो का, हा प्रश्न माझ्या नवऱ्याने विचारला होता. तो हिशेबी माणूस आहे आणि त्याची फसवणूक मी पुष्कळ केली होती. २०२० साली कोक्रेन या संस्थेने सत्तावीस अभ्यासांचा, मिळून दहा हजारांहून अधिक लोकांचा, आढावा प्रसिद्ध केला. मीटिंगशी पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार ज्यांना मिळाले त्यांच्यापैकी वर्षभराने शंभरांत सुमारे बेचाळीस जण पूर्णपणे दारूपासून दूर होते. इतर मान्यताप्राप्त मानसोपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे पस्तीस होते. हा चमत्कार नाही. पण जे विनामूल्य आहे, आठवड्याला कितीही वेळा मिळते आणि जन्मभर मिळू शकते, त्याच्यासाठी हा आकडा मला फार मोठा वाटतो. जोडून देणे हाच त्या उपचारांचा गाभा होता हेही लक्षात घ्यावे. दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेटसारखी औषधे डॉक्टर देत असतील तर ती मीटिंगमधल्या कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नयेत. मला असे सांगणारा एक जण भेटला होता, आणि मी त्याचे ऐकले नाही याचे मला समाधान आहे. सभासदांनी डॉक्टरी सल्ला देऊ नये अशीच खुद्द संघटनेची भूमिका आहे.

नवरा स्वतः अल-ॲनॉनच्या मीटिंगला जाऊ लागला. पिणाऱ्यांच्या घरच्या माणसांसाठीचे हे गट बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी १९५१ मध्ये एका मैत्रिणीबरोबर संघटित केले. तिथे काय बोलले जाते ते तो मला सांगत नाही आणि मी विचारत नाही. फक्त त्याने कपाटे तपासणे बंद केले, आणि ज्या दिवशी ते माझ्या लक्षात आले त्या दिवशी मी स्वयंपाकघरात बसून बराच वेळ रडले.

चौथ्या महिन्यात मी पुन्हा प्यायले. एका दुपारी, कोणतेही मोठे कारण नसताना, एक पेला घेतला आणि तीन दिवस थांबले नाही. तिथे याला ‘स्लिप’ म्हणतात. चौथ्या दिवशी आधी त्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले आणि संध्याकाळी मीटिंगला गेले. त्या वेळी पहिल्या वेळेपेक्षा पाय जड झाले होते, कारण आता तिथे माझी ओळख होती. मी म्हणाले, ‘मी प्यायले.’ कोणी काही विचारले नाही. मीटिंग संपल्यावर, पहिल्या दिवशी फाटकाशी भेटलेल्या त्या बाईंनी माझ्यासाठी ओढलेली खुर्ची उचलून भिंतीशी ठेवली आणि म्हणाल्या, ‘उद्या सकाळी उठलीस की मला फोन कर. परवाचं परवा बघू.’ माझे दिवस पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात झाली.

गेल्या दोन वर्षांपासून आठवड्यातून एक संध्याकाळ संपर्काचा फोन माझ्याकडे असतो. बरेच फोन घरच्यांचे असतात. काही फोनवर नुसता श्वास ऐकू येतो आणि फोन ठेवला जातो. तासाभराने त्याच क्रमांकावरून पुन्हा येतो. मागच्या महिन्यात असाच एक आला. तिसऱ्या खेपेला पलीकडून एका तरुण मुलीचा आवाज म्हणाला, ‘पत्ता आहे माझ्याकडे.’ मी म्हटले, ‘असू दे. गुरुवारी मी फाटकाशी उभी असेन. निळी छत्री असेल माझ्या हातात. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस.’ ती काही बोलली नाही, पण तिने फोन लगेच ठेवलाही नाही. आत कोणी असते का, किती माणसे असतात, बायका असतात का, असे तिने एकेक विचारले, आणि मी एकेक सांगितले. आतून हसण्याचा आवाज आला तर घाबरू नकोस, हेही सांगितले.

गुरुवारी मी वेळेच्या अर्धा तास आधी गेले, वर्गातल्या खुर्च्या मांडल्या आणि छत्री घेऊन फाटकाशी येऊन उभी राहिले. ती आली की नाही, हे मी इथे लिहिणार नाही. ते तिचे आहे.